चुलीपासून नळापर्यंत

उमरगा

उमरग्याच्या स्टँडवर माझी बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि दोष सर्वस्वी माझा होता. बस समोरच उभी होती. कंडक्टर दारात उभा राहून "बसवकल्याण, बसवकल्याण" असा घसा फोडून ओरडत होता. पण पाटी कन्नडमध्ये. मला त्यातलं एक अक्षर लागत नाही, आणि जे वाचता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही हा माझा पंचावन्न वर्षांचा शिरस्ता. म्हणून मी चौकशीच्या खिडकीत विचारलं, मग पेपरवाल्याला विचारलं, मग बाकावरच्या एका आजोबांना विचारलं. तिघांनी तीच बस दाखवली. तिघंही अगदी एकच सांगताहेत म्हटल्यावर तर माझ्या मनात शंकेची पाल जास्तच चुकचुकली. तेवढ्यात बस हलली. आजोबा म्हणाले, "कंडक्टर वरडायलता की बाई. त्याचं कामून ऐकलं न्हाई?" मी दुसऱ्या बससाठी दीड तास बसले.

खरं तर संशय घेणं हाच माझा धंदा आहे. पुण्यातल्या एका संस्थेसाठी मी मूल्यमापन करते. म्हणजे कुठे एखादा उपक्रम चालला असेल तर तिथे जायचं, लोकांशी बोलायचं, त्याचा कुणाला खरोखर उपयोग होतोय का ते पाहायचं आणि अहवाल लिहायचा. अलीकडे या कामाला मानवी हक्कांची चौकट आली आहे आणि ती मला मनापासून पटते. माणसाला विचारल्याशिवाय त्याची माहिती घेऊ नका, त्याचा मान राखा, आपल्या प्रश्नांमुळे त्याचं नुकसान होऊ देऊ नका. हे सगळं मी नव्या लोकांना दोन-दोन दिवस शिकवते. टाळ्याही पडतात. या खेपेला बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या, महाराष्ट्राला लागून असलेल्या काही शाळांतलं दुपारचं जेवण पाहायचं होतं. तीन वर्षांपूर्वीही मीच पाहिलं होतं. तेव्हा केलेल्या सूचनांचं पुढे काय झालं, एवढंच आता तपासायचं होतं.

बसवकल्याण

स्टँडवर मिलिंद घ्यायला आला होता. हा तिथलाच, बौद्ध कुटुंबातला, चाळिशीचा माणूस. आमच्या संस्थेचं या भागातलं काम तोच पाहतो. मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही भाषा तोंडात खेळवणारा. त्याने माझी बॅग घेतली, पाठोपाठ माझी छत्री घेतली, मग पर्सकडे हात केला. पर्स मी दिली नाही.

"म्याडम, एवढं काय घट्ट धरायलाव? कल्याणात चोर न्हाईत," तो हसून म्हणाला.

चहाच्या हॉटेलात मालकाने एका गिऱ्हाइकाशी कन्नड, दुसऱ्याशी दखनी आणि मी तोंडही उघडलं नव्हतं तेव्हा माझ्याशी मराठी सुरू केली. म्हटलं, याला कसं कळलं? मिलिंदने त्याला विचारलं, तर तो म्हणतो, "पुण्याच्या बाया टेबल बोटानं पुसून बगतेत की." मी खरंच पुसून पाहिलं होतं. त्याने समोर ठेवलेला सुसला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा गरम चिवडा, इतका सुरेख होता की मी त्याला माफ करून टाकलं.

दौऱ्याचं वेळापत्रक मिलिंदने छान टाइप करून आणलं होतं. शाळांची नावं, वेळा, जेवण कुठे, मुक्काम कुठे. मी माझी जुनी यादी काढून शेजारी ठेवली. एक गाव गायब! अफजलपूर तालुक्यातलं, भीमेच्या बाजूचं.

"हे गाव का नाही?"

"रस्ता खराब हाय म्याडम."

"तीन वर्षांपूर्वी होता की चांगला."

"आता खराब झालाय."

बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, चहाच्या बशीकडे पाहत होता. इथे कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला मला मूल्यमापनाचं शिक्षण लागत नाही. मी यादी घडी करून पर्समध्ये ठेवली. मनात मात्र गाठ मारून ठेवली.

बसवकल्याणजवळच्या दोन शाळा त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाल्या. गावात आत शिरताना बाराव्या शतकातल्या शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, आठवणी जागोजागी दिसतात. काम करून जगावं, माणसामाणसांत उच्चनीच मानू नये, हे जिथे एवढं गाजलं तिथे मी ताटं मोजत फिरत होते. शाळांमध्ये सगळं कसं लख्ख होतं. मुलांना विचारलं, जेवण कसं असतं? "छान." भाजी? "छान." वाढणाऱ्या मावशी? "छान." आमच्या पुण्यात मुलांना दुधी भोपळ्याबद्दल विचारून बघा, काय काय ऐकायला मिळतं ते! एकाही पोराला एकही भाजी नावडत नसेल तर समजावं की कुणीतरी आधी येऊन गेलंय. मी वहीत लिहिलं, पढवलेलं वाटतं. वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

मग मिलिंदला सांगितलं, "उद्या आपण ते राहिलेलं गाव करायचं. रस्ता खराब असला तर मी चालत जाईन."

त्याने बराच वेळ मान खाजवली. "बगा, तुमची मर्जी," एवढंच म्हणाला आणि जीप सांगायला गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असणार अशी माझी खात्री झाली.

आळंदमार्गे अफजलपूर

रस्ता अजिबात खराब नव्हता. आळंदपर्यंत दोन्ही बाजूंना कापलेली तूर, काळ्या रानात तिचे ढीग, कुठे कुठे झोडपणी चाललेली. पुढे भीमेचं पाणी जवळ आलं तसा ऊस सुरू झाला आणि डोळ्यांना जरा गारवा वाटला. मिलिंद गप्प होता. एरवी दर मैलाला एक गोष्ट सांगणारा माणूस गप्प बसला की मला फार त्रास होतो. मी दोनदा म्हटलं, "रस्ता चांगलाय की हो." तो दोन्ही वेळा "हौ" म्हणाला.

अफजलपुरात एका खानावळीत जेवलो. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि अंबाडीची आंबट भाजी. तिला इथे पुंडी पल्या म्हणतात. आमच्याकडे अंबाडीत कण्या घालतात, इथे डाळ आणि भरपूर मिरची. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

ते गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या ज्या बाईंमुळे हा सगळा प्रवास लिहावासा वाटला त्यांचंही नाव बदललं आहे. रत्नाबाई हे नाव त्यांनी स्वतः निवडलं. त्यांच्या घरात कोण कोण आहे, घर कुठे आहे, हेही सांगणार नाही. काय सांगायचं आणि काय नाही ते त्यांनी मला बजावलं आहे.

शाळा मराठी माध्यमाची, स्वच्छ सारवलेली. हेडमास्तरांनी दारातच नमस्कार केला. चहा आला, बिस्किटं आली, खुर्चीवर धुतलेला टॉवेल आला. एवढी सरबराई पाहून माझे कान टवकारले. स्वयंपाकाच्या खोलीत दोघीजणी भात उपसत होत्या. गॅसची शेगडी आहे, पण सगळे तिला चूलच म्हणतात. मागच्या बाजूला नळाखाली एक बाई एकटीच पातेली घासत बसली होती. चेहरा ओळखीचा वाटला. मागच्या खेपेला हीच बाई, म्हणजे रत्नाबाई, चुलीपुढे होती, मोठ्या डावाने आमटी ढवळत, आणि तिने मला हसून विचारलं होतं, "चव बगता का?"

मी हेडमास्तरांकडे वळले. "या स्वयंपाक करायच्या ना? यांना तिथे कुणी बसवलं?"

मला वाटलं होतं माणूस चाचरेल. तो तर खुलला! "तुमच्याच सूचनेवरून की, म्याडम," म्हणाला आणि कपाटातून फाइल काढली. वरच्या कार्यालयाचं कन्नड पत्र होतं. त्याला माझ्या जुन्या इंग्रजी अहवालाचं एक पान टाचलेलं होतं आणि एका वाक्याखाली लाल रेघ होती. त्या वाक्याचा मराठीत अर्थ असा: स्थानिक सामाजिक परिस्थिती लक्षात घेऊन स्वयंपाकाच्या कामाची योग्य ती फेररचना करावी.

माझा पहिला विचार काय असेल? यांनी पान बदललंय! मी पानाचा क्रमांक पाहिला, कागद उजेडात धरला, आधीची आणि नंतरची ओळ वाचली. 'योग्य ती' हे माझंच होतं. प्रत्येक अहवालात मी ते कुठे ना कुठे घालतेच. मी खुर्चीवर बसले आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले.

आठवलं सगळं. मागच्या खेपेला हेडमास्तरांनीच मला सांगितलं होतं की रत्नाबाई बौद्ध वस्तीतल्या, म्हणून काही मुलं त्यांच्या हातचं खात नाहीत. मी अहवालात लिहिलं, काही मुले जेवत नाहीत. मला म्हणायचं होतं की जे घरचे मुलांना अडवतात त्यांना समजवा, नाही ऐकलं तर कायदा दाखवा, बाईंना धक्का लावू नका. पण असं ठणठणीत लिहिलं की वरचे लोक दुखावतात आणि अहवाल तिथेच पडून राहतो, हे मला अनुभवाने ठाऊक. म्हणून मी ते वाक्य घासून घासून गुळगुळीत केलं. इतकं की ज्याला जे हवं ते त्याने त्यातून काढावं. त्यांनी रत्नाबाईंना चुलीवरून काढलं.

"पण मुलं जेवत नव्हती, हे तरी खरं होतं ना?" मी विचारलं.

"दोन घरांतून तक्रार होती म्याडम. ती मुलं डबा आणायची. आणि..." हेडमास्तर फाइल मिटत म्हणाले, "आणि तुम्ही पण तर खाल्लं नाही त्या दिवशी. शाळेच्या समितीत लोक म्हणाले, पुण्याच्या म्याडम पण खात नाहीत, आपल्यालाच का सांगता."

मी खाल्लं नव्हतं. प्रवासात बाहेरचं खायचं नाही, आपल्या बाटलीतलंच पाणी प्यायचं, असा माझा पोटाच्या भीतीचा नियम. "नको, पोट बिघडतं," असं मी हसत हसत सगळ्यांदेखत म्हटलं होतं. अफजलपूरच्या खानावळीत तिखट अंबाडी दोनदा खाणारी मी! लाज वाटली. आजही लिहिताना वाटते.

बाहेर मुलं पंगतीत बसत होती. मोठ्या वर्गातल्या मुलींजवळ जाऊन मी सरळ विचारलं, रत्नामावशी आमटी करायच्या तेव्हा तुम्ही जेवायचात का?

"जेवायचो की," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "त्यांचीच भारी व्हती. आता नुस्तं पाणी असतंय." सगळ्या खिदळल्या. चुलीजवळच्या बाईने ओरडून त्यांना गप्प केलं. हा प्रश्न मी तीन वर्षांपूर्वी मुलांना विचारलाच नव्हता. मास्तरांनी सांगितलं ते लिहून घेतलं आणि मोकळी झाले.

रत्नाबाईंच्या ओसरीवर

काम संपल्यावर रत्नाबाईंनी घरी येऊ दिलं, तेही मिलिंदने मध्यस्थी केली म्हणून. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली धुतलेली सतरंजी. मी बसले आणि सवयीने संमतीचा कागद काढून वाचायला लागले. "यात भाग घेतल्यामुळे तुमचं कोणतंही नुकसान होणार नाही..."

रत्नाबाई हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. "मागच्या बारीला बी हेच वाचलं व्हतंव अक्का. मी आंगठा न्हाई, सही केलती."

मी कागद खाली ठेवला.

"मी तुम्हाला काय म्हणलं व्हतं, ध्यानात हाय का?" त्यांनी विचारलं. "म्हणलं, डबा आणणाऱ्या लेकरांच्या आयबापाला बोलवा, मी त्यांच्यासमोर बोलते. तुम्ही व्हय व्हय म्हणलाव. मग काय लिवलंव तुम्ही, आमाला कुणी वाचून दावलं न्हाई. एक दिस मास्तर म्हणले, तू नळावर बस, वरून आलंय. म्हणलं, कामून? म्हणले, पुण्याच्या म्याडमनं लिवलंय."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग जे म्हणायचं व्हतं ते कामून लिवलं न्हाई?"

त्या आत गेल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवून बघत राहिल्या. माझी बाटली पर्समध्येच होती. मी तांब्या उचलून प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत त्यांची नजर हलली नाही.

"काम चुलीचं असो का नळाचं, मला कामाची लाज न्हाई," त्या म्हणाल्या. "पर माझी लेकरं त्याच शाळंत शिकून गेली. गावाला आता काय दिसतंय? हिच्या हातचं चालत न्हाई, हे सरकारी कागदानं सांगितलं. आधी दोन घरं म्हणायची, आता कागुद म्हणायलाय."

परत येताना जीपमध्ये मी मिलिंदवर उखडले. "तुम्हाला हे सगळं माहीत होतं. गाव यादीतून काढून तुम्ही कुणाला वाचवत होतात? त्या हेडमास्तरांना?"

"न्हाई म्याडम," तो पुढे रस्त्याकडे बघतच म्हणाला. "रत्नामावशीला. तुमच्यापासून."

"आणि कल्याणची पोरं? ती पढवलेलीच होती ना?"

"ते मीच पढवलतं. म्हणलं, सगळं छान हाय म्हणा, तुमच्या मावशीची नोकरी टिकंल."

मला फार राग आला, मिलिंदचा आला, मास्तरांचा आला, आणि मग कुणावर काढायचा तेच कळेना. संशय माझा खरा होता, पण ज्या माणसावर घ्यायला हवा होता त्याच्यावर मी कधी घेतलाच नव्हता.

शाळेच्या आवारात

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. रत्नाबाईंना म्हटलं, नवा अहवाल मी लिहीन, पण आधी तुमच्यापुढे वाचीन. तुम्ही नको म्हणाल ते काढीन. त्यांनी अट घातली: एकटीपुढं न्हाई, शाळेत, मास्तर आणि समिती बसवून, मराठीत.

त्याआधी मी पंगतीत बसून जेवले. रत्नाबाईंनी पाहिलं आणि त्या पातेली घासतच राहिल्या. बरोबरच आहे. एका जेवणाने काय होणार होतं?

मग लिंबाखाली सगळे जमले. समितीतले चार-पाच जण, शिक्षक, वस्तीतल्या सात-आठ बाया. हेडमास्तर सारखे घड्याळ बघत होते. मी उभी राहून वाचलं. पहिलं वाक्य होतं, मागच्या अहवालातली माझी सूचना मोघम होती आणि त्यामुळे अन्याय झाला. रत्नाबाईंनी हात वर केला.

"‘मोघम’ काढा. चुकीची म्हणा."

मी काढलं. पुढे मी लिहिलं होतं, त्यांना पुन्हा स्वयंपाकाच्या कामात सामावून घेण्याचा विचार व्हावा.

"इचार कशाला? घ्यावं म्हणा की सरळ."

बायांमध्ये हशा पिकला. मीही हसले आणि खोडलं. वाक्य झालं: रत्नाबाईंना चुलीवर परत घ्यावे. समितीतले एक अप्पा उठून म्हणाले, "म्याडम, गावात भांडणं लावू नका. आमच्यात सगळं गोडीगुलाबीनं हाय." रत्नाबाई नळाकडे बोट करून म्हणाल्या, "मग अप्पा, उद्यापास्नं तुमच्या घरची सून तिथं बसंल का? एक महिना ती, एक महिना मी." अप्पा खाली बसले. हेडमास्तर म्हणाले, "माझं काही नाही. वरून कागद आला की मी करतो." त्यांची भीती खोटी नव्हती, हे मला तेव्हा दिसलं. पण तिची किंमत तीन वर्षं एकट्या रत्नाबाई मोजत होत्या, आणि हेही मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं.

पुणे

आल्यावर आठवडाभरात संस्थेतून फोन आला. अहवाल उत्तम आहे, पण ‘चुकीची’ऐवजी ‘मर्यादित’ लिहू या का? आणि ‘परत घ्यावे’ जरा थेट वाटतं. मी म्हटलं, हे वाक्य माझं राहिलेलं नाही, ज्यांचं आहे त्यांना गावात जाऊन विचारा. दोन-तीन बैठका झाल्या, माझ्या स्वभावाबद्दलही बरंच बोलणं झालं असं कळलं. शेवटी वाक्य तसंच गेलं.

अडीच महिन्यांनी रत्नाबाईंचा फोन आला. मागे फोडणीचा आवाज येत होता.

"मास्तरनं चुलीवर घेतलंय अक्का. आठ दिस झाले."

मी आनंदाने ओरडलेच. डबा आणणारी मुलं? एक जेवायलंय, एक अजून डबा आणायलंय, त्या म्हणाल्या.

"पर लेखी काय न्हाई. तोंडी हाय. पुढची तपासणी होईस्तोर बगू म्हणलेत."

"मग पुढच्या तपासणीला मी स्वतःच येते," मी तावातावाने म्हटलं. "बघते तुम्हाला कोण हलवतं ते."

पलीकडे डाव खाली ठेवल्याचा आवाज आला.

"न्हाई अक्का. राग मानू नका, पर तुम्ही नका येऊ. तुम्ही येऊन गेलाव की माझ्या जिवाला घोर लागतोय."

मला लागलं. फार लागलं. बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच दुपारी संस्थेला कळवलं की पुढच्या खेपेला त्या गावी मला पाठवू नये, दुसऱ्या कुणाला पाठवावं. त्यांनी कारण विचारलं. मी लिहिलं, तिथल्या बाई नको म्हणाल्या.